मुक्या खडपांची वाट

चिंदरकर मास्तर शिक्षकांच्या खोलीत आले की आम्ही बोलता बोलता थांबायचो. मुलं त्यांना घाबरत हे ठीकच, पण आम्ही मोठी माणसंही घाबरत होतो. कोणी सहज एखादा सुविचार म्हटला, दोन ओळी गुणगुणल्या, की खुर्चीवर बसता बसता ते विचारायचे, "हे कोणाचं?" आवाज चढलेला नसायचा. पण उत्तर येईपर्यंत ते आपल्याकडे बघत राहायचे. मुख्याध्यापकांनी एकदा स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात एक टाळ्यांचं वाक्य टाकलं होतं. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांचे ओठ हलले. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, "हे वाक्य माझं नाही, वाचलेलं आहे."

मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखावरचं आमचं गाव. नाव देत नाही, त्या वेळच्या माणसांची मुलंनातवंडं अजून तिथे नांदताहेत. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मी कसालची. पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी या गावच्या हायस्कुलात चित्रकला आणि शिवण शिकवायला लागले. मास्तर मराठी शिकवायचे. ठेंगणे, किंचित वाकलेले, धोतरावर काळा कोट, उन्हातही हातात छत्री. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण राग आला की मालवणी बाहेर पडायची.

त्यांच्या खिशात एक जाड वही असायची. ऐकलेली म्हण, नवा शब्द, एखादी कोटी ते त्यात लिहीत आणि पुढे कोणाकडून ऐकली तेही लिहीत. "कुडाळच्या बाजारात एक बांगडीवाला." "शिरोड्याचे व्याही." विनोद सांगायचा तर आधी तो कोणाचा ते सांगत, त्यामुळे हसू येईपर्यंत विनोद थंड व्हायचा. त्यांच्या घरी एकदा जेवायला गेले तेव्हा सोलकढीचा घोट घेऊन मी मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, म्हटलं, छान झालीय. काकूंनी हसून आपल्या आईचं नाव पुढे केलं, "ह्यांच्यासमोर माका म्हणा नको. माझ्या आवशीची रीत ती. नायतर तुमी गेल्यार ऐकूक लागतलां."

निबंध तपासण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. मुलाचं स्वतःचं वाक्य असेल तर चूक असली तरी ते सोडून देत. उसनं वाक्य दिसलं की खाली नागमोडी रेघ. त्या वेळी निबंधमालेची पुस्तकं मिळायची, मुलं त्यातले निबंध घोकत. 'आमच्या गावची जत्रा' या निबंधात एका मुलाने लिहिलं होतं की स्टेशनवर आगगाडी थांबली आणि यात्रेकरूंचा लोंढा उतरला. मास्तरांनी त्याला उभं केलं.

"हंयसर आगगाडी खंय आसा रे?"

मुलगा वहीची पानं चाळू लागला.

"तुझ्या गावच्या जत्रेक लोक कशे येतत?"

"होडीन. चलत."

"मग तां कित्याक नाय लिवलंस? ज्येनां आगगाडी बघली, तेनां आगगाडी लिवली. तू होडी बघलंस. तुझी होडी तेच्या आगगाडीपेक्षा कमी काय?"

पूर्ण वर्ग हसला, पण तो मुलगा पुढे होडीवर निबंध लिहून पहिला आला. हे मी सांगते, कारण मास्तर नुसते खोड काढणारे नव्हते.

त्या सुमारास लेखकांच्या हक्काचा नवा कायदा झाला होता. त्याची बातमी मास्तरांनी वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवली आणि नववीच्या वर्गात तासभर त्यावरच बोलले. पुस्तक उघडून आतल्या पानावरचे 'सर्व हक्क स्वाधीन' हे शब्द दाखवले. मुलांना वाटत होतं, ती छापखान्याची काही खूण असेल. मास्तर म्हणाले, "परक्याच्या माडावरचं शहाळं पाडलं तर चोरी. मग परक्याची ओळ पाडली तर?"

गजा नावाचा एक मुलगा उठला. सुतारकामात हात चांगला, अभ्यासात बेताचा. म्हणाला, "मास्तर, शहाळां न्हेलां तर माडार एक कमी होता. गाणां न्हेलां तर कमी काय होता?"

मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत कुडाची, सगळं ऐकू येत होतं. मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. चित्रकलेच्या प्रदर्शनात गजाने कोरलेली शिडाची होडी मांडलेली होती, सगळ्या शाळेत तिच्यासारखी वस्तू नव्हती. "सावंतबाई, दोन दिवस त्या होडीखाली वसंताचं नाव लावा," म्हणाले. वसंत म्हणजे गजाच्याच बाकावरचा गरीब स्वभावाचा मुलगा. मला ते पटलं नाही. पण मी नवीन, ते जुने. मी चिठ्ठी बदलली.

दोन दिवस येणारे-जाणारे वसंताची पाठ थोपटत होते. तो "माझी नाय, माझी नाय" म्हणायचा, लोकांना वाटे मुलगा नम्र आहे. तिसऱ्या दिवशी गजाने चिठ्ठी फाडली आणि वसंताच्या तोंडावर बुक्की मारली. रक्त आलं. मास्तर धावत आले. गजाला धरून विचारलं, "काय कमी झालां रे तुझां? होडी हंयच आसा मां?"

गजा रडत म्हणाला, "लोक तेका इचारतत, शीड कसां बशयलंस म्हणान. तेका ठावक नाय. माका कोण इचारीत नाय."

मास्तरांनी सगळ्या वर्गाला ते वाक्य लिहायला लावलं, खाली गजाचं नाव घालून. नाव हा नुसता मान नसतो, तो पत्ता असतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं. एखादी गोष्ट कशी केली, का केली, तिच्यात चूक असेल तर ती कोणाला विचारायची, हे नाव सांगतं.

मी नंतर त्यांना म्हटलं, "वसंताचं नाक फुटलं. त्याचा काय दोष?"

"धडा पक्का झाला, बाई."

"पण त्याला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर धडा झाला नसता." आणि ते छत्री उचलून गेले. ते मला तेव्हाही खटकलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी फळ्यावर भागीकाकीचं गाणं लिहिलं.

भागीकाकी म्हणजे भागीरथी कुबल. बंदरावर मासे विकायची. आमच्या खाडीच्या मुखाशी खडपं, म्हणजे खडक, आहेत. काही पाण्याबाहेर डोकं काढून असतात, त्यांच्यावर लाटा फुटतात, लांबून गाज ऐकू येते. काही मात्र पाण्याखाली हातभर, त्यांच्यावर फेससुद्धा येत नाही. त्यांना तिथली माणसं मुकी खडपं म्हणतात. काकीचा नवरा अशाच एका खडपावर होडी फुटून गेला होता, ऐन सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी. मुलगे तेव्हा लहान होते. सासरा जुना तांडेल, होडीचा म्होरक्या, त्याला आत येण्याची वाट पाठ होती. त्याच्याकडून ती वाट विचारून घेऊन काकीने तिचं चार ओळींचं गाणं केलं आणि मुलांना निजवताना म्हणत राहिली, म्हणजे मोठे झाल्यावर त्यांना विसरता येऊ नये.

कळस लपलो वडामागे, उजवो ओढ दोर,
गाजता तां खडप बरां, मुकां खडप चोर,
दोन माड एक झाले, डावी आता घे,

चौथी ओळ मी लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

मास्तरांनी हे गाणं तिच्या थोरल्या मुलाच्या, दत्तूच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी चारही ओळी फळ्यावर गेल्या, खाली 'कर्ती : भागीरथी कुबल'. मग मुलांना समजावलं : "खडपं कोणाची? कोणाचीच नाहीत. वाट कोणाची? सगळ्यांची. सासऱ्याने सांगितलेली माहिती कोणीही कोणालाही सांगावी. पण हे शब्द, ही चाल, 'मुकां खडप चोर' हे म्हणणं, हे मात्र भागीरथी कुबल यांचं." मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. त्या मुलांत भाऊसाहेबांचा पुतण्या होता.

भाऊसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कौलांचे व्यापारी, शाळेची इमारत त्यांच्या देणगीतून झालेली. माणूस वाईट नव्हता, पण कवितेचा नाद होता. शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठी त्यांनी 'दर्याची लेकरे' नावाचं पुस्तक छापायला घेतलं. दर्यावर्दी मुलांना उपयोगी पडावं म्हणून स्वानुभवातून लिहिलेल्या कविता, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. मुखपृष्ठ आणि आतला खाडीचा नकाशा माझ्याकडे आला. कवितेत जशी वाट होती तशी मी नकाशात बाणांनी दाखवली आणि कोपऱ्यात, सवयीने, माझी सही केली.

मुद्रितं तपासायला मास्तरांकडे आली. दुपारी ते माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. हातातली पानं पुढे करून म्हणाले, "चला माझ्याबरोबर. नकाशा घ्या."

आम्ही बंदरावर गेलो. भागीकाकी रिकाम्या टोपल्या धूत होती. मास्तरांनी तिला उभ्या उभ्या भाऊसाहेबांची कविता वाचून दाखवली. शुद्ध भाषेत घातलेलं तेच गाणं. तिसरी ओळ अशी होती : 'माडांची ती जोडी दिसता उजवीकडे वळ.' चौथीत देशासाठी बाहूंत बळ मागितलं होतं.

काकीने हात पदराला पुसले. "परत म्हणा."

मास्तरांनी परत म्हटलं.

"ह्यां कोणी लिवलां? दोन माड एक झाले काय डावी घेवची. उजवेक मुकी खडपां आसत. हेच्या परमान होडी हाडलास तर खडपार जातली." मग तिने माझ्या हातातल्या नकाशाकडे बघितलं. वाचता येत नसलं तरी बाण तिला कळला. "आणि ह्यां कोणी काढलां?"

"मी," म्हटलं आणि नकाशाची गुंडाळी केली.

मास्तर संध्याकाळी भाऊसाहेबांच्या पेढीवर गेले. मीही गेले, नकाशा माझा होता. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तर, 'डावी' हा शब्द कानाला कसा लागतो! लेकरांच्या पुस्तकात डावं कशाला? उजवी शुभ. कवितेत असं चालतं."

"पण वाट चुकते."

"मुलं काय पुस्तक हातात धरून होड्या हाकणार आहेत?"

"पुस्तकावर तसंच लिहिलंय. आणि हे गाणं तुमचं नाही."

भाऊसाहेबांचा आवाज बदलला. "मासे विकणाऱ्या बायांची गाणी ती. असल्या गाण्यांना कोणी कर्ता असतो काय? शंभर जणी म्हणतात. मी त्याला रूप दिलं, म्हणून ते माझं. आणि ते तुमच्याच फळ्यावरनं आमच्या घरात आलं, हे विसरू नका."

मास्तरांनी खाली बघितलं. शेवटचं वाक्य त्यांना बसलं होतं, हे मला दिसलं. पण मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या आठवड्यात कार्यकारी मंडळाची सभा भरली. विषय एकच, मास्तरांचा उद्धटपणा. मला नकाशासह बोलावलं होतं. खोलीत सात-आठ माणसं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, माफी मागा आणि विषय संपवा. मास्तर उभे राहिले.

"भाऊसाहेब म्हणतात, हे स्वानुभवातून लिहिलंय. ज्यानं केलं त्याला आपल्या शब्दावर विश्वास असतो. तेव्हा आपण होडीतून खाडीबाहेर जाऊ आणि या पुस्तकाप्रमाणे आत येऊ. ओळी भाऊसाहेबांनी वाचायच्या, होडी तशीच वळेल."

कोणीतरी हसलं. भाऊसाहेब हसले नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आता नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं. "येतो," ते म्हणाले. "आणि होडी सुखरूप आत आली तर तुम्ही राजीनामा लिहून द्यायचा."

"देतो. नाहीतर पुस्तक छापखान्यातून परत यायचं."

खोलीतून बाहेर पडताना मास्तर मला म्हणाले, "बाई, नकाशावर तुमची सही आहे. तुम्हीही चला."

मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. नाही म्हणायचं सुचलं नाही, एवढं खरं.

रविवारी सकाळी, सुकती लागलेली असताना आम्ही निघालो. सुकाणूवर दत्तू, वल्ह्यांवर त्याचे दोन सोबती, मधे भाऊसाहेब, मुख्याध्यापक, मी आणि छत्री मिटून मांडीवर धरलेले मास्तर. दत्तूला मास्तरांनी एकच सांगितलं होतं, वाचतील तसं वळव. समुद्र शांत होता. त्या शांतपणाचीच मला भीती वाटत होती. आत येताना डावीकडे पडतात ती गाजणारी खडपं फेसाळत होती, उजवीकडे पडते त्या बाजूला मात्र गुळगुळीत पाणी, जणू काही नाहीच.

बाहेर जाऊन होडी फिरली. देवळाचा कळस वडामागे गेला. भाऊसाहेबांनी पहिली ओळ वाचली, आवाज ठणठणीत. दत्तूने होडी उजवीला घेतली. बरोबर होतं. भाऊसाहेबांनी मास्तरांकडे बघून दुसरी ओळही वाचली. किनाऱ्यावरचे दोन माड एकमेकांकडे सरकत होते. त्यांच्यातली फट बोटाएवढी झाली, मग दोरीएवढी, मग दोन्ही मिळून एकच माड दिसू लागला.

"वाचा," मास्तर म्हणाले.

भाऊसाहेबांनी तिसरी ओळ वाचली. आता आवाज बसलेला. दत्तूने सुकाणू लोटलं आणि होडी उजवीकडे वळली.

दत्तू कोणाकडेच बघत नव्हता. जबडा घट्ट आवळलेला. मी कडेवरून खाली पाहिलं. हिरवं पाणी करडं झालं, मग तपकिरी. शेवाळाचे केस लाटेबरोबर हलताना दिसले, इतके जवळ की हात घालावा. वल्ह्यांवरचे दोघे थांबले. होडी आपल्या वेगाने पुढे जात होती. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले होते.

"दत्तू, डावी घे," भाऊसाहेब म्हणाले. मग ओरडले, "अरे डावी! डावीकडे घे!"

"पुस्तकात उजवी आहे," मास्तर म्हणाले. ते पांढरेफटक पडले होते.

"पुस्तक गेलं खड्ड्यात! डावी घे!"

दत्तूने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवेपर्यंत जो क्षण गेला, तो मला आजही आठवतो. मग होडीच्या तळाला खालून काहीतरी घासलं, लांबलचक, खरखरीत. होडी कलली. माझा हात मुख्याध्यापकांच्या कोटाला घट्ट चिकटला. दत्तूने सुकाणू सोडून वल्हं हिसकावलं, खडपावर टेकवून जोर लावला, एकदा, दोनदा. वल्ह्याचं पातं तडकलं. होडी मागे सरली आणि डावीकडच्या खोल पाण्यात आली.

होडी किनाऱ्याला लागली. भाऊसाहेबांच्या हातातली पानं भिजून एकमेकांना चिकटली होती. उतरल्यावर त्यांनी ती मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुस्तक परत येईल." आणि निघून गेले.

मास्तर जिंकले होते. पण वाळूत भागीकाकी उभी होती.

ती आधी दत्तूकडे गेली आणि एवढ्या मोठ्या मुलाच्या थोबाडीत मारली. मग मास्तरांसमोर आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात बोलली.

"माझो घो थंयच गेलो. तुमी माझ्या झिलाक थंयच घेवन गेलास. कित्याक? एका गाण्यासाठी?"

"काकी, गाणं तुमचं होतं म्हणून..."

"माझां होतां तर माका इचारलास? फळ्यार लिवलास तेवा इचारलास? आज होडी घातलास तेवा इचारलास? त्या भाऊसाहेबान माझां गाणां न्हेलां. तुमीय न्हेलास. फरक काय ओ?"

सगळ्यांना प्रश्न विचारणारा तो माणूस वाळूत उभा होता. काकीने तडकलेलं वल्हं उचललं, मुलाच्या दंडाला धरलं आणि घराकडे चालू लागली.

सोमवारी मास्तरांनी दहावीच्या वर्गात सांगितलं, "हे गाणं मी त्या बाईंना न विचारता फळ्यावर लिहिलं. खाली नाव घातलं की आपलं काम झालं, असं मला वाटलं होतं. नाव घालून नेलं तरी न विचारता नेलेलं ते न विचारताच नेलेलं." कुडापलीकडे मी ऐकत होते. मग त्यांनी वसंताला उभं केलं आणि त्याच्या नाकाबद्दल सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. वसंत इतका गोंधळला की "तां केवाच बरां झालां, मास्तर," म्हणाला.

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर ते भागीकाकीच्या अंगणात जाऊन बसत. पहिले काही दिवस तिने आत बोलावलं नाही की हाकललंही नाही. ते बसत, थोड्या वेळाने उठून जात. एकदा तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पुढे एका संध्याकाळी ती स्वतःच बोलली. त्या दिवशी मीही होते, नवा नकाशा तिला दाखवायला नेला होता.

"छापूचां तर छापा. पोरांच्या उपयोगाचां आसा. पण नाव माझां नको. तेंचां घाला."

"तुमच्या यजमानांचं?" मास्तरांनी विचारलं. "पण शब्द तुम्ही केलेत."

"तो गेलो नसतो तर मी कित्याक केलंय असतंय?"

मास्तर विचारात पडले. पूर्वीचे मास्तर असते तर त्यांनी तिला नियम समजावला असता. त्यांनी विचारलं, "दोन्ही नावं घातली तर चालेल? तुमचं, आणि खाली त्यांच्या आठवणीत केलं, असं?"

ती बराच वेळ टोपलीच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "चलात," म्हणाली. "पण शेवटची ओळ नको. ती माझ्या झिलांची. ती दुनियेक कित्याक?"

मास्तरांच्या मते ती शेवटची ओळच सगळ्यात सुंदर होती. मला ते एकदा म्हणाले होते की तिच्याशिवाय गाणं म्हणजे डोकं नसलेलं धड. पण त्यांनी मान हलवली. "नाही घालणार."

पुस्तक महोत्सवाला निघालं. भाऊसाहेबांनी दिलेला शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. त्यांच्या बाकीच्या कविता होत्या, आणि एका पानावर तीन ओळी, भागीरथी कुबल यांच्या, पतीच्या आठवणीत केलेल्या. खाली बारीक अक्षरांत : 'चौथी ओळ कर्तीच्या इच्छेवरून दिलेली नाही.' माझ्या नकाशातला बाण डावीकडे वळला होता. समारंभाला काकी आली नाही, त्या दिवशी बांगडा भरपूर लागला होता.

मार्च महिन्यात मास्तरांना पत्र आलं की पुढच्या वर्षापासून संस्थेला त्यांच्या सेवेची गरज नाही. शब्द पाळणं आणि राग गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही शिक्षकांनी मिळून अर्ज करायचं ठरवलं, पण सह्या करायची वेळ आली तेव्हा पाचच झाल्या. मास्तरांनी तो अर्ज वाचला आणि म्हणाले, "हा मसुदा मुख्याध्यापकांचा दिसतो. त्यांची सही कुठाय?" पाचही जण ओशाळलो. काकूंना आणि दोन ट्रंकांना घेऊन ते देवगडकडच्या एका लहानशा शाळेत गेले.

सहा-सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, नोकरी सुटली. एकदा माहेराहून विजयदुर्गाला नणंदेकडे जायला निघाले होते. तळेऱ्याला गाडी बदलायची होती. तिठ्यावर, जिथून देवगडची वाट फुटते, तिथल्या चहाच्या टपरीच्या फळीवर चिंदरकर मास्तर बसले होते. तोच कोट, खांद्यावर विरलेला. चष्मा जाड झालेला.

"सावंतबाई!" मी हाक मारताच त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी माझं आताचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "तेही लक्षात ठेवीन." गावची चौकशी केली. दत्तूने आता यंत्रावरची होडी घेतलीय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. भागीकाकी थकलीय, पण बाजारात अजून तीच भाव ठरवते, असं मी सांगितलं तेव्हा हसले. काकू कशा आहेत विचारलं, तर म्हणाले, जाऊन दोन वर्षं झाली.

देवगडची गाडी आली. लोक धावले. मास्तर गर्दीत शिरून कसेबसे वर चढले. मी पिशवी सावरत उभी होते, तर ते पुन्हा खाली उतरले. कंडक्टर ओरडला, "ओ मास्तर, खंय चल्लास?" त्याच्याकडे न बघता ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला होडीत घेऊन गेलो. तुम्हाला पोहता येत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. "मलाही नाही," म्हणाले.

आणखी काही बोलायचं असावं, पण कंडक्टरने घंटा मारली. मी त्यांच्या हातातली छत्री घेतली, ते दांडीला धरून चढले, मग मी छत्री वर दिली. आत बसायला जागा नव्हती. गाडी देवगडच्या वाटेला वळली तेव्हा दोन्ही हातांनी वरची दांडी धरून उभे असलेले मास्तर दिसले, उंची कमी म्हणून टाचा उचललेल्या.